वाटीतला डोळा

निमगाव केतकीच्या बाजारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि शेळगावची नकोशीमावशी ही माझी सगळ्यात मोठी स्पर्धक होती. दुकान काढलं तेव्हा वाटलं होतं, आता आसपासच्या गावांतलं डोळ्यांचं प्रत्येक दुखणं आधी माझ्या दारात येणार. कसलं काय. खळ्यावर कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं, मोटारसायकलवर चिलट गेलं, उसाच्या फडात कचरा गेला, की तो माणूस एक डोळा झाकून माझ्या दुकानावरून सरळ पुढं जायचा आणि मावशीच्या ओट्यावर जाऊन बसायचा. मी हात केला तर वर म्हणायचा, "येतो की हिंदुराव तुमच्याकडं. चष्मा लागला म्हंजी येतो."

मावशी डोळ्यातलं कुसळ जिभेनं काढायची. शहरातल्या माणसाला हे ऐकून कसंतरीच होतं, मला ठाऊक आहे. माझी बायको पुण्याची, तिला अजून होतं. पण आमच्याकडं हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे आणि ते कुणालाही जमत नाही. मावशी आधी मिठाच्या पाण्यानं खळखळून चूळ भरायची. आलेल्याला उन्हाकडं तोंड करून बसवायची. अंगठ्यानं पापणी वर उचलायची आणि जिभेचं टोक असं फिरवायची की माणसाला कळायच्या आत काम झालेलं असायचं. जे निघालं ते तळहातावर घेऊन ज्याचं त्याला दाखवायची आणि मग फुंकून टाकायची. एका डोळ्याला एकदाच जीभ. दुसऱ्यांदा लावली की डोळा रुसतो, असं ती म्हणायची. पैसे घेतले की गुण जातो म्हणून कुणाचे घ्यायची नाही. ह्या गुणापायी तिनं तरुणपणीच मिश्री सोडली होती. आमच्या भागात तिच्या वयाच्या बाईनं मिश्री सोडणं म्हणजे वतन सोडण्यासारखं आहे.

माझ्याही डोळ्यातलं तिनं काढलेलं आहे. शाळेत असताना, बाजरीचं कुसळ. तेव्हापासून तिचा माझ्यावर हक्क आहे आणि मला तिची थोडी भीती.

आता ती जीभ लावत नाही. ती कशी थांबली ते सांगायला बसलोय, कारण गावात ह्या गोष्टीच्या इतक्या आवृत्त्या फिरतात की एकीत तर मीच बेशुद्ध पडतो. मी पडलो नव्हतो. खाली बसलो होतो.

मावशी मूळची निरवांगीची. माहेर आणि सासर, दोन्हीकडं मेंढरं. आईबापाला चार मुलींवर ही पाचवी झाली म्हणून नाव नकोशी ठेवलं. त्या नावावर कोट्या करणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यात मी नाही. ही विद्या तिला सासूनं दिली. मेंढरं कातरायच्या दिवसांत लोकरीचे बारीक तंतू उडून सगळ्यांच्या डोळ्यांत जायचे, आणि तळ पडलेला असायचा भलत्याच मुलखात, जिथं ना ओळखीचं माणूस ना दवाखाना. मग सासूनं सुनेला जवळ बसवून शिकवलं. पुढं मेंढरं विकली, शेळगावात थोडी जमीन होती तिच्यात ऊस आणि डाळिंब आलं, पोरगा दादासो साखर कारखान्यात कामाला लागला. मेंढरं गेली आणि मावशीची जीभ तेवढी राहिली.

तिचे मालक म्हस्कूआबा. म्हस्कूआबांना डोळा एकच, उजवा. डावा तरुणपणी एका एडक्यानं शिंग मारून घालवला. आबा त्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. उलट म्हणायचे, "येकच हाय म्हणून नीट वापरतो. तुमी दोनदोन घेऊन काय बघताय?" तर हा जो एक डोळा, त्याची ही गोष्ट आहे.

दिवाळी होऊन गेली होती. आबा जनावरांना वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणायला फडात गेले आणि उसाची पात सपकन डोळ्यावरून गेली. उसाची पात दिसायला पान, पण कडेला करवत असते. आबा डोळा धरून घरी आले. मावशीनं त्यांना उन्हात बसवलं, पापणी उचलली, बराच वेळ बघितलं, आणि जीभ न लावता पापणी सोडून दिली.

"निघण्यासारखं काय न्हाय हितं," ती म्हणाली. "चिरलंय. दवाखाना."

हे तिचं मोठेपण मी कुणालाही सांगतो. काय आपल्याच्यानं होणार नाही हे तिला कळत होतं. दादासोनं त्याच दिवशी आबांना बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टर श्रेया मॅडमकडं नेलं. उसाच्या पातीनं चिरलं की बुरशी धरायची भीती असते, म्हणून मॅडमनी आधी ती तपासणी केली. बुरशी नव्हती. थेंब दिले, जखम भरली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तो जरा घाईनं टाकला.

संक्रांतीच्या सुमारास सकाळचं दुखणं सुरू झालं. आबा झोपेतून उठून डोळा उघडायचे आणि किंचाळायचे. पावसात वाघरात, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, निजलेला, साप हातानं बाजूला सारलेला माणूस, तो किंचाळायचा. झालं होतं असं की जखमेवर नव्यानं आलेली नाजूक साल खाली नीट धरलीच नव्हती. रात्री ती पापणीला चिकटायची आणि सकाळी डोळा उघडला की पापणीबरोबर सोलून निघायची. दिवसभर पाणी गळायचं, संध्याकाळपर्यंत साल पुन्हा यायची, आणि सकाळी पुन्हा तेच. कोंबड्याच्या आधी उठणारे आबा ऊन वर आलं तरी डोळा मिटून पडून राहू लागले. जागे असायचे, पण उघडायची हिंमत नसायची. मावशी ओलं फडकं घेऊन उशाशी बसायची आणि पापणी भिजवत राहायची. आयुष्यभर गावाच्या डोळ्यांतलं काढलं, आणि घरच्या डोळ्यात काढण्यासारखं काही नाही, ह्यानं ती हैराण झाली होती. मला म्हणाली, "हिंदुराव, दिसलं आस्तं तर काढलं आस्तं. दिसतच न्हाय."

कारखान्याचं गाळप चालू होतं, दादासोला सुट्टी नव्हती. म्हणून आबांना पुन्हा बारामतीला मी नेलं. मावशीही येणार होती, लुगडं नेसून तयारही होती, पण निघायच्या वेळेला शेळी व्यायला अडली. मावशी गोठ्यात राहिली आणि आम्ही दोघं गेलो. पुढचा सगळा घोटाळा त्या शेळीमुळं झाला असं आबा म्हणतात. मी त्यांना तेवढ्यावर सुटू देत नाही.

श्रेया मॅडमनी डोळा बघितला आणि बोटाच्या टोकावर एक लेन्स घेतली. शर्टाच्या गुंडीएवढी, पाण्यासारखी आरपार दिसणारी, मऊ. म्हणाल्या, "आजोबा, ही नंबरची लेन्स नाही. ही पट्टी आहे असं समजा. बुबुळावर बसवते. पापणी हिच्यावर घासेल, जखमेवर घासणार नाही. खाली साल निवांत धरेल."

"काच डोळ्यात ठेवून निजायचं?" आबा म्हणाले.

"काच नाही. हायड्रोजेल म्हणतात ह्याला. माणसानं बनवलेल्या प्लास्टिकच्या जातीचंच आहे, पण त्याची आतली जाळी पाणी धरून ठेवते. वजनातला बराचसा भाग पाणीच. म्हणून मऊ राहते, टोचत नाही. आणि बुबुळात रक्त फिरत नसतं, त्याला वारा बाहेरून लागतो, तो हिच्यातून आत जाऊ शकतो."

आबांनी लेन्सकडं निरखून बघितलं. मग त्यांचा चेहरा उजळला. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी डाळिंबाच्या नव्या रोपांच्या बुडाशी दाणे घातले होते. हातात घेतले तर साखर, पाणी पाजलं की फुगून भिजवलेल्या साबुदाण्याहून मोठे, आणि पुढं कितीतरी दिवस मुळाला ओल देणारे. "म्हंजी ते रोपाच्या बुडाला घालतो तेच का हे, मॅडम?"

मॅडम हसल्या. "भावकी तीच म्हणा. पण घर वेगळं. ते दाणे डोळ्याजवळ नेऊ नका."

लेन्स बसली. आबांनी डोळा मिचकावला, पुन्हा मिचकावला, आणि काहीच लागत नाही म्हणून अविश्वासानं माझ्याकडं बघितलं. थेंब रोज घालायचे, डोळा चोळायचा नाही, पाटाच्या पाण्यानं तोंड धुवायचं नाही, लेन्सला आपण होऊन हात लावायचा नाही, असं सगळं मॅडमनी दोनदा सांगितलं. परत येताना गाडीत मी आबांना म्हणालो, मावशीला नीट समजावून सांगा. "सांगतो की," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी डोळा उघडला आणि दुखलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आबा पुन्हा पहाटे उठू लागले, पुन्हा बांधावरून आरोळ्या देऊ लागले. तपासणीला एसटीनं एकटेच बारामतीला जाऊन आले. मॅडमनी सांगितलं, साल धरते आहे, पुढच्या खेपेला लेन्स काढू. मावशीनं ग्रामदैवताला नारळ फोडला. एकच गोष्ट तिला खटकायची. थेंब घालायला ती पुढं झाली की आबा पाठ फिरवून म्हणायचे, "माझं मी घालतो."

कारण आबांनी घरात लेन्सचं सांगितलंच नव्हतं. नवीन औषध दिलंय, एवढंच सांगितलं होतं. बाईचं आयुष्य गेलं लोकांच्या डोळ्यांतलं काढण्यात, आणि तिचा नवरा डोळ्यात घालून आला, हे तिच्या तोंडावर कसं सांगायचं? पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं, दुसऱ्या दिवशी सांगावंसं वाटलं नाही, आणि मग सांगायला उशीर झाला. नवरेमंडळींना हे गणित मी समजावून सांगायला नको.

फाल्गुनात शाळूच्या मळणीला यंत्र आलं. भुसा असा उडत होता की पलीकडचं माणूस दिसत नव्हतं. मॅडमनी धुळीपासून लांब राहा म्हणून सांगितलेलं होतं, पण खळ्यावर मळणी चालू असताना घरात बसणारा शेतकरी मी अजून बघितलेला नाही. व्हायचं ते झालं. आबांच्या डोळ्यात कण गेला आणि डोळ्याला धार लागली.

मावशीनं लांबून बघितलं आणि चूळ भरायला गेली.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "जाईल आपसूक."

"ह्या घरात ऱ्हाऊ दे न्हाय. बसा उन्हाकडं तोंड करून."

आबांनी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण त्यांनी मनात हिशोब केला की ही कचरा तेवढा काढील, काच आपल्या जागी बसलेली राहील. तसं मला त्यांनी नंतर सांगितलं, आणि मी कपाळावर हात मारून घेतला. मावशीनं पापणी उचलली. पाण्यानं लेन्स जागची हललेली होती आणि तिची कड उन्हात चमकली. मावशीला एक पापुद्रा दिसला. इतके दिवस जे दिसत नव्हतं ते दिसलं, असं तिला वाटलं. तिनं जीभ लावली.

जिभेवर जे आलं तसं आजवर कधी आलं नव्हतं. कुसळ बोचतं, खडा कुरकुरतो, चिलट लिबलिबीत लागतं. हे मऊ होतं, गार होतं, अखंड होतं. तळहातावर घेतलं तर आरपार दिसणारी एक वाटोळी साल, भिजवलेल्या वाटाण्याची निघते तशी, आणि डोळ्याच्या गोलाईइतकीच खोलगट.

मावशीला वाटलं, नवऱ्याच्या डोळ्याचं बुबुळ आपण सोलून काढलं.

ती ओरडली नाही. ओरडायला आवाज नव्हता, असं ती सांगते. तळहात तसाच पुढं धरून उभी राहिली. वर ऊन, वारा सुटलेला. बघता बघता ती साल कडेनं वळली, आकसली आणि कापलेल्या नखासारखी कडक झाली. तिच्या हातावर तिच्या नवऱ्याचा डोळा मेला. आबांना हातावरचं काही दिसत नव्हतं, त्यांनी डोळा गच्च मिटून घेतला होता. एवढं मात्र त्यांना कळलं होतं की काच गेली. आणि त्यांच्या समजुतीप्रमाणं त्या काचेनंच तर डोळा धरून ठेवलेला. उघडला तर सगळंच बाहेर येईल म्हणून ते उघडेनात. आता खरं सांगायलाही त्यांची जीभ वळेना.

मग मावशीनं ते केलं जे मेंढपाळाची बाई करील. अर्धमेल्या कोकराच्या तोंडात आधी पाणी घालतात, मरतंय का जगतंय ते मागनं बघतात. तिनं स्टीलच्या वाटीत प्यायचं पाणी घेतलं आणि ते कडक झालेलं त्यात सोडलं. थोड्या वेळानं ते हललं. कडा उलगडल्या. पुन्हा मऊ, पुन्हा वाटोळं, पुन्हा आरपार होऊन वाटीच्या तळाशी डोळ्यासारखं वर बघू लागलं.

मी दुकानात एका बाईंना चष्म्याची फ्रेम दाखवत होतो. बाजाराचा दिवस, रस्त्यावर गर्दी. समोर एक टेम्पो थांबला. त्यातून आधी मावशी उतरली, दोन्ही हातांत वाटी, वर पदर झाकलेला. मागून टेम्पोवाल्यानं आबांना हात धरून उतरवलं, डोळ्याला उपरणं बांधलेलं. शेळगावपासून त्या खडबडीत रस्त्यानं तिनं वाटीतलं पाणी सांडू दिलं नव्हतं. गर्दी आपोआप बाजूला झाली.

"हिंदुराव," ती म्हणाली, "ह्यांच्या डोळ्याची साल माझ्या जिभंला आली. वाळून मेली हुती. पाण्यात घातल्यावर पुना जीव धरलाय. अजून जित्ती हाय तवर बारामतीला चला. परत बसवा म्हणावं. बसत नसंल तर माझी काढून घ्या म्हणावं, माझे दोन हायती."

मी पदर बाजूला करून वाटीत बघितलं. आणि मला हसू फुटलं. त्या वेळी हसायला नको होतं, कबूल आहे, पण जे वाटलं होतं ते नाही हे कळल्यावर माणसाला काय फुटेल ते त्याच्या हातात नसतं.

"मावशी, ही आबांची साल न्हाय. लेन्स हाय ही. डॉक्टरांनी बसवलेली. विकत मिळती."

तिला कळेना. मी आबांकडं बघितलं. उपरण्याखाली आबांची मान छातीला टेकली होती.

"आबा, तुमी मावशीला सांगितलंच न्हाय?"

"सांगतो सांगतो म्हणत ऱ्हायलं," आबा पुटपुटले.

मावशी दुकानाच्या पायरीवर बसली. वाटी शेजारी ठेवली. चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सुटत गेला, आणि मग त्या जागी दुसरंच काही चढू लागलं, ते आम्ही सगळ्यांनी बघितलं. बाजारातली माणसं दोन पावलं मागं सरकली.

"काच घातली हुती," ती म्हणाली. "आन् मला औषध म्हणून सांगितलं. वाटभर मी देवाला काय काय कबूल केलंय, ते आता तुमी फेडा."

आबा म्हणाले, "फेडतो."

इथपर्यंत गंमत होती. फ्रेमवाल्या बाईंनाही हसू आवरेना. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख पडलं. लेन्सचं काही नाही, ती दुसरी मिळेल. पण लेन्स निघाली म्हणजे जखम उघडी पडली असणार, आणि त्या उघड्या जखमेवर जीभ फिरली होती. माणसाच्या तोंडातली घाण जखमेत गेली तर काय होतं ते मी ह्या धंद्यात बघितलेलं आहे. आणि डोळा एकच. तेव्हा मी खाली बसलो, बेशुद्ध पडलो नाही. मग उठून दुकानाचं शटर ओढलं.

दोघांना गाडीत घेतलं आणि बारामतीची वाट धरली. मावशी वाटी मांडीवर घेऊन बसली होती. टाकून द्या म्हणालो तर ऐकेना.

श्रेया मॅडमनी आबांना यंत्रासमोर बसवलं, हनुवटी टेकवली. डोळा उघडायला आबा तयार नव्हते, तेव्हा मावशीनं मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मॅडमनी पिवळ्या रंगाची कागदी पट्टी डोळ्याला टेकवली, खोलीतला दिवा मालवला आणि निळा उजेड टाकला. मला माहीत होतं ते काय असतं. साल फाटलेली असेल तिथं तो रंग हिरवा चमकतो. मॅडम बघत राहिल्या. डोळा डावीकडं, उजवीकडं, वर. मी मनात म्हणत होतो, हिरवं दिसू नये, आज मला जगात कुठंच हिरवं दिसू नये.

मॅडमनी दिवा लावला. "काही नाही," त्या म्हणाल्या. "एक ठिपकासुद्धा नाही. साल घट्ट धरली आहे. तरी थेंब वाढवून देते आणि उद्या पुन्हा दाखवा. आजोबा, आता सांगा, लेन्स निघाली कशी?"

आबा छताकडं बघू लागले. आबांचा हा स्वभावच आहे, हे आता माझ्या ध्यानात आलं होतं.

"मी काढली," मावशी म्हणाली. "जिभंनं." आणि तिनं वाटी पुढं केली.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या, आणि बरंच रागावल्या. तोंडात किती जंतू असतात, मिठाच्या चुळीनं ते जात नाहीत, जखमेच्या डोळ्यात गेले तर रात्रीतून डोळा नासतो, साल आधीच धरली होती म्हणून आज आपण बोलत बसलोय, नाहीतर काय झालं असतं. मावशीनं सगळं मान खाली घालून ऐकलं.

"म्हंजी इतकी वरसं मी लोकांच्या डोळ्यात घाणच घातली का?" तिनं विचारलं.

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. खोटं बोलल्या नाहीत. "कुणाला त्रास झाला असेल, नसेल, ते मला आता सांगता येणार नाही. लोकांची कुसळं निघाली हेही खरं आहे. पण इथून पुढं नको, आजी."

"बरं," मावशी म्हणाली. एवढंच. सासूनं दिलेली विद्या तिनं त्या खुर्चीत बसून एका शब्दात खाली ठेवली. कुणी काय म्हणायचं ते म्हणो, मला त्या बाईचं फार वाईट वाटलं.

मग ती वाटीकडं बघून म्हणाली, "पण मॅडम, ह्याला जीव न्हाय तर हे मरून पुना उठलं कसं?"

मॅडमचा राग उतरला. त्यांनी चिमट्यानं लेन्स उचलून धरली. "उठलं नाही आजी. सवय आहे ती त्याची. आतली जाळी पाण्याला धरून असते. पाणी उडालं की जाळी आकसते, कडक होते. पाणी मिळालं की परत पिते आणि फुगते, पण विरघळत नाही. म्हणून तर अंगाला चालतं. आपलं शरीर पण ओलंच की. भाजलेल्या माणसाच्या जखमेवर ह्याच भावकीतली गार पट्टी ठेवतात, म्हणजे जखम सुकून तडकत नाही आणि पट्टी काढताना सोलत नाही. हृदयाचा ईसीजी काढताना छातीला चिकटवतात त्या चकत्यांच्या खाली हेच असतं. आणि ह्याच्या जाळीत औषध भरून ते हळूहळू सुटत राहील, असंही करतात."

"आमी जखम कोरडी ठेवायची म्हणतो," मावशी म्हणाली.

"चिघळलेली असेल, घाण असेल, तिथलं वेगळं. पण नवी साल येताना तिला ओल लागते. रोपाला लागते तशीच."

मावशीनं मान हलवली. हे तिला पटलं. मग विचारलं, "आन् आता कुणी कुसळ घेऊन आलं तर मी काय करू? घालवून देऊ?"

"उकळून गार केलेल्या पाण्यानं डोळा धुवायचा. नाही निघालं तर इकडं पाठवा."

"हिकडं लांब पडतं," मावशी म्हणाली. "आदी ह्या हिंदुरावाकडं पाठवीन." अशी माझी सगळ्यात मोठी स्पर्धक त्या दिवशी माझ्याच धंद्याला लागली.

निघताना मॅडमनी आबांना एकच गोष्ट बजावली. आता लेन्स नाही. रात्री मलम घालून निजा. खरी परीक्षा उद्या सकाळी, डोळा उघडताना. नाही दुखलं, तर आपण जिंकलो. दुखलं तर लगेच या.

लेन्स टाकून द्यायला मावशीनं दिली नाही. घरी पोचल्यावर वाटी घेऊन ती डाळिंबात गेली आणि आबांनी दाणे घातलेल्या एका रोपाच्या बुडाशी पाण्यासकट ओतून आली. "भावकीत पोचवून आले," म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आबा ओट्यावरून म्हणाले, "ते दाणे कुजून मातीत जातात. ही जायची न्हाय." मावशी म्हणाली, "तुमी बोलू नका."

दुसऱ्या दिवशी तपासणीला न्यायचं होतं म्हणून मी सकाळी लवकर शेळगावला गेलो. खरं म्हणजे मला घरी बसवेना. ऊन ओट्यावर आलं होतं. आबा बाजेवर उठून बसलेले, पाय खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळा मिटलेला. समोर जमिनीवर मावशी, हातात ओलं फडकं. किती वेळ तशी बसली होती कोण जाणे. कोंबड्यासुद्धा अंगणाच्या पलीकडं होत्या.

मला बघून मावशी म्हणाली, "उगडंनात."

"उगडतो की," आबा म्हणाले. "जरा दम काढ."

"लई दम काढला. मी काढलीय ती, दुखलं तर माझ्या नावानं वरडा. पण उगडा."

आबांनी बाजेची कड धरली. पापणी थरथरली. मग हातानं न ओढता, ओल्या फडक्याशिवाय, ती हळूच वर गेली. आबा श्वास रोखून होते, आणि मीही. डोळा पुरता उघडला. आबांनी तो मिटला, पुन्हा उघडला. पाणी आलं नाही. लालीसुद्धा नव्हती. त्यांनी खांदे सोडले, आणि समोर बसलेल्या मावशीकडं बराच वेळ बघत राहिले. संक्रांतीनंतर कितीतरी सकाळी हे तोंड त्यांच्यासाठी ओल्या फडक्याआडच राहिलेलं होतं.

"कुकू वाकडं लागलंय तुजं," ते म्हणाले.

मावशीनं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "आरशात बघायला जीव थाऱ्यावर हुता का माजा?" आणि उठून घाईघाईनं चुलीकडं गेली. चहाला आधण ठेवताना ती रडते आहे हे आम्हाला ऐकू येत होतं. आबांच्या तोंडावर लहान पोरासारखं हसू होतं आणि ते एकेक वस्तू बघत होते, पांढऱ्या शेळीचं करडू, तारेवरचं धुणं, माझी गाडी.

बारामतीला जाऊन, सगळं ठीक आहे असं मॅडमकडून ऐकून, आम्ही दुपारी परत आलो. कुंकू मावशीनं दिवसभर पुसून सरळ केलं नाही.